गिअर वाजतो, दोष मात्र क्लचचा!

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याला गाडीचे बहुतेक आवाज प्रिय असतात. सायलेन्सरमधून उमटणारी भरदार घुरघुर, कार्ब्युरेटरने हवा ओढताना होणारा सुस्कारा, कापडी छताची वाऱ्यावरची फडफड हे सारे तो कौतुकाने ऐकतो आणि इतरांनाही ऐकवतो. एक आवाज मात्र त्याला नकोसा असतो. क्लच दाबून गिअरचा दांडा सरकवावा आणि पायाशेजारून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा ‘कर्रर्र’ आवाज यावा, की चालवणाऱ्याचेच दात शिवशिवतात. शेजारी बसलेला पाहुणा सौजन्याने खिडकीबाहेर पाहू लागतो. घरी परतेपर्यंत मालकाच्या मनात एकच वाक्य घोळत असते : ‘गिअरबॉक्स गेला!’

हा निष्कर्ष अनेकदा चुकीचा ठरतो. आवाज गिअरबॉक्समधूनच येतो, यात शंका नाही. पण आवाजाचे ठिकाण आणि दोषाचे ठिकाण एकच असेल असे नाही. गिअर वाजण्यामागे बऱ्याच वेळा गिअरबॉक्सचा काही संबंध नसतो. क्लच पूर्णपणे सुटत नसतो आणि त्याची शिक्षा गिअरच्या दातांना भोगावी लागते. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. एमजीबीसारख्या गाडीच्या बाबतीत मात्र तो इंजिन खाली उतरवावे लागणार की एक पिन बदलून भागणार, इतका मोठा असतो.

एमजी हे नाव आज भारतीय वाचकाला २०१९ पासून गुजरातमधील हलोल येथे तयार होणाऱ्या हेक्टरमुळे परिचयाचे आहे. ज्या एमजीबीविषयी येथे लिहायचे आहे, ती मात्र निराळी. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० या काळात ती तयार झाली. दोन आसनी, उघड्या छताची, १७९८ सीसी इंजिनाची ही गाडी पाच लाखांहून अधिक संख्येने बनली आणि त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. पुढे छत असलेली जीटी ही आवृत्तीही आली. गाडी साधी, दणकट आणि घरच्या घरी दुरुस्त करण्याजोगी, असा तिचा लौकिक. तो बराचसा खराही आहे. पण क्लचपाशी आल्यावर त्याला तडा जातो. एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खाली काढता येत नाही. क्लचप्लेट बदलायची तरी चेनपुली लावून इंजिन वर उचलावे लागते आणि गिअरबॉक्स उघडायचा तर सहसा इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही मिळून बाहेर येतात. रेडिएटर, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट, वायरिंग असे बरेच काही आधी सोडवावे लागते ते वेगळेच. इतका खटाटोप करून गिअरबॉक्स नवा करून बसवावा आणि पहिल्याच वळणावर पुन्हा तोच ‘कर्रर्र’ ऐकू यावा, अशी वेळ कोणाही मालकावर येऊ नये. ती येते, कारण निदानाची पायरी ओलांडून थेट दुरुस्तीला हात घातला जातो.

आवाज नेमका कशाचा?

गिअर वाजतो तेव्हा गिअरचेच मोठे दात एकमेकांवर आपटतात, असा सर्वसाधारण समज आहे. एमजीबीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या बाबतीत तो खरा नाही. तिसऱ्या आणि दुसऱ्या गिअरची चक्रे आपापल्या जोडीदाराशी कायम गुंतलेलीच असतात. ती मुख्य शाफ्टवर मोकळी फिरत राहतात, एवढेच. दांडा सरकवला की एक दातेरी कडी, मेकॅनिक जिला स्लीव्ह म्हणतात ती, सरकत जाऊन त्या चक्राच्या कुशीतल्या बारीक दातांत अडकते आणि चक्र शाफ्टशी पक्के बांधले जाते. चौथ्या गिअरमध्ये हीच कडी पुढच्या आणि मागच्या शाफ्टना थेट जोडते. ऐकू येणारी करकर असते ती या कडीची आणि त्या बारीक दातांची. दोन्हींची फिरण्याची गती सारखी नसताना त्यांना बळेच एकमेकांत घुसवले, की दात दातांवरून घसरत जातात.

गती सारखी नसण्याचे प्रमाण किती असते, हे आकड्यांनी लगेच लक्षात येते. १९६७ च्या अखेरीनंतरच्या एमजीबीत तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.३८२ आणि दुसऱ्याचे २.१६७ आहे. ताशी साधारण ५० किलोमीटर वेगाने तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला दुसरा गिअर टाकण्यासाठी गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट, म्हणजे इनपुट शाफ्ट, सुमारे ३,९०० फेऱ्यांवर न्यावा लागतो. क्लचप्लेट याच शाफ्टवर बसलेली असल्यामुळे तीही सोबत येते. क्षणार्धात १,४०० फेऱ्यांची ही तफावत भरून काढण्याचे काम सिंक्रोमेश करतो.

सिंक्रोमेश ही अमेरिकन देणगी. अर्ल थॉम्पसन या अभियंत्याने ती विकसित केली आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक गाड्यांतून ती बाजारात आली. तत्त्व सोपे आहे. दातेरी कडी आणि चक्र यांच्यामध्ये पितळेसारख्या धातूची एक रिंग असते. तिचा आतला भाग निमुळता असतो आणि चक्राच्या तशाच निमुळत्या शंकूवर ती टोपीसारखी दाबली जाते. घर्षणाने दोघांची गती सारखी होते. तोवर रिंगच्या कडेचे दात वाटेत आडवे राहून कडीला पुढे जाऊ देत नाहीत. गती जुळली की वाट मोकळी होते आणि गिअर निमूट पडतो. रिंगच्या आतल्या बाजूला स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक रेषा कोरलेल्या असतात. शंकूवरचा तेलाचा थर कापून काढणे हे त्यांचे काम. या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या, की रिंग तेलावरून नुसतीच घसरते, शंकूला पकडत नाही. सिंक्रो ‘गेला’ म्हणतात तो असा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे सारे गणित क्लच पूर्ण सुटलेला आहे, या गृहीतावर उभे आहे. रिंगला एक शाफ्ट आणि एक क्लचप्लेट एवढाच भार पेलायचा असतो. क्लच थोडासाही चिकटून राहिला, तर त्या बिचाऱ्या रिंगला चालू इंजिनाशी झुंजावे लागते. ही झुंज ती हरणार, हे ठरलेलेच. म्हणूनच न सुटणारा क्लच आधी गिअर वाजवतो आणि दुर्लक्ष केले तर कालांतराने चांगल्या रिंगाही खाऊन टाकतो.

दोष नसलेला दोष

निदानाला लागण्यापूर्वी गाडी कोणत्या वर्षाची आहे, हे पाहणे आवश्यक आहे. १९६२ ते १९६७ या काळातल्या एमजीबीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हताच. तेथे चक्रच सरकत जाऊन दुसऱ्या चक्रात गुंतते. गाडी हळूहळू पुढे जात असताना पहिला गिअर टाकला तर तो वाजणारच. त्यात बिघाड काही नाही. १९६७ च्या अखेरीस आलेल्या ‘मार्क टू’ आवृत्तीपासून पुढच्या चारही गिअरना सिंक्रोमेश मिळाला. रिव्हर्सला तो आधीही नव्हता आणि नंतरही नाही.

त्या काळी यात नवल काही नव्हते. जग्वारच्या प्रसिद्ध ई-टाइपमध्येही १९६४ पर्यंत पहिला गिअर असाच सिंक्रोविना होता. आपल्याकडे जुनी विलीज जीप चालवलेल्यांना हा अनुभव नवा नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकू नये, हे तेथे शिकवावे लागत नसे; गिअरच शिकवत असे. एसटीचे आणि ट्रकचे जुने चालक ‘डबल क्लच’ मारत, तेही यासाठीच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. सिंक्रो रिंग जे काम करते, ते हा चालक कानाने आणि पायाने करीत असे. आजचा तरुण मालक सिंक्रोमेशच्या गाड्यांवर शिकून १९६५ च्या एमजीबीत बसतो आणि सिग्नलजवळ गाडी सरकत असताना पहिला गिअर टाकू पाहतो. अशा वेळी दुरुस्ती गाडीची नव्हे, सवयीची करायची असते. मात्र सवय बदलली नाही तर येथे बारीक दात नव्हे, गिअरचे खरे दात कडेने झिजतात आणि ते प्रकरण महागात पडते.

दुसरी साधी बाब म्हणजे इंजिनाची आयडल गती. एमजीबीवरील जोडीचे एसयू कार्ब्युरेटर जुळवताना कोणी ती हजार फेऱ्यांच्या बरीच वर ठेवली असेल, तर शाफ्ट जोरात फिरत राहतो आणि उभ्या गाडीत गिअर टाकताना करकर होते. स्क्रू फिरवून सुटणारा प्रश्न आहे; तो आधी सोडवावा.

रिव्हर्सची कसोटी

आता मुख्य परीक्षा. हिला एक पैसा लागत नाही आणि पाच मिनिटे पुरतात. सपाट मोकळ्या जागी गाडी उभी करावी, इंजिन गरम होऊ द्यावे. न्यूट्रलमध्ये, क्लचवर पाय नसताना काही क्षण थांबावे. मग क्लच पूर्ण दाबून मनात पाच आकडे मोजावेत आणि सावकाश रिव्हर्स टाकावा.

रिव्हर्सला सिंक्रो नसल्यामुळे तो खोटे बोलत नाही, हेच या परीक्षेचे मर्म. क्लच खरोखर सुटला असेल, तर इनपुट शाफ्टला फिरवणारे कोणी उरत नाही. तेलाच्या चिकटपणाने तो तीन-चार सेकंदांत थांबतो आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो. पाच मोजूनही करकर झाली, तर शाफ्ट अजून फिरतो आहे, म्हणजेच इंजिन त्याला फिरवते आहे. क्लच सुटत नाही. गिअरबॉक्सला दोष देण्याचे कारण येथेच संपते, निदान त्या क्षणापुरते तरी.

क्लच दाबल्याबरोबर, न थांबता रिव्हर्स टाकला तर निरोगी गाडीतही तो किंचित वाजतो. त्याचा अर्थ लावू नये. जुने जाणते चालक आधी चौथ्या गिअरला दांडा टेकवतात आणि मग रिव्हर्स टाकतात. चौथ्याची सिंक्रो रिंग फिरता शाफ्ट थांबवते आणि रिव्हर्स मुकाट पडतो. ही युक्तीही फसली, तर क्लच बराच चिकटतो आहे असे समजावे. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबलेला असताना गाडी पुढे सरकू पाहत असेल, तर शंकेला जागाच उरत नाही.

उलट रिव्हर्स निमूट पडतो, उभ्या गाडीत सारे गिअर लोण्यासारखे पडतात, पण चालत्या गाडीत एखादाच ठरावीक गिअर वाजतो, आणि डबल क्लच मारला तर तोही वाजत नाही, असे असेल तर संशयाची सुई त्या गिअरच्या सिंक्रो रिंगवर स्थिरावते. हा गिअर बहुधा दुसरा असतो. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना गतीची तफावत मोठी असते आणि शहरातल्या रहदारीत हा बदल सर्वाधिक वेळा करावा लागतो. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या अल्फा रोमिओ गाड्यांचा दुसरा गिअर तर यासाठी कुप्रसिद्धच आहे. मात्र चालत्या गाडीत डबल क्लचने आवाज गेला, एवढ्यावरून सिंक्रोला दोषी ठरवू नये. चिकटणाऱ्या क्लचलाही डबल क्लचने चालत्या गाडीत मदत होतेच. दोघांना वेगळे काढते ती उभ्या गाडीतली रिव्हर्सची कसोटी. म्हणून ती आधी.

अर्ध्या इंचाचा हिशेब

क्लच सुटत नाही हे ठरल्यावरही चेनपुली आणण्याची घाई करू नये. पावलाचा जोर क्लचपर्यंत पोहोचतो तो लांबच्या वाटेने. पेडल एका दांडीमार्फत मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलते. तेथून ब्रेक ऑइल नळीतून खालच्या स्लेव्ह सिलिंडरकडे जाते. स्लेव्हची दांडी फोर्कला ढकलते, फोर्कच्या टोकावरचे कार्बनचे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला दाबते आणि मग कुठे क्लचप्लेट मोकळी होते. या वाटेवर प्रत्येक सांध्यात थोडी थोडी चाल गळू शकते. सुदैवाने स्लेव्हच्या दांडीपर्यंतची निम्मी वाट इंजिनाला हात न लावता पाहता येते.

गाडी घोडीवर पक्की टेकवून (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये), चाकांना अडसर लावून, इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने खालून स्लेव्हची दांडी किती सरकते ते पट्टीने मोजावे. निरोगी एमजीबीत ती साधारण अर्धा इंच, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर सरकते. चाल याहून स्पष्टपणे कमी भरली, तर दोष वरच्या वाटेत आहे आणि तो इंजिन न काढता दुरुस्त होतो.

सर्वाधिक दुर्लक्षित ठिकाण आहे ते पेडलला मास्टर सिलिंडरच्या दांडीशी जोडणारी पिन. ती डोळ्यांआड असते, तिला तेल सहसा कोणी देत नाही आणि पन्नास-साठ वर्षांच्या वापराने ती मध्यभागी कंबरेसारखी बारीक होते. पेडलमधले भोक अंडाकृती होते. पेडल हा लांब तरफेचा दांडा असल्यामुळे पिनेतला एक-दोन मिलिमीटरचा प्ले पावलापाशी कितीतरी मोठा होतो. पेडलचा सुरुवातीचा प्रवास नुसती ढिलाई काढण्यातच खर्च होतो. नवी पिन घालावी, पेडलमधले भोक भरून पुन्हा नीट पाडून घ्यावे. एवढ्याने गिअर वाजायचे थांबलेल्या गाड्या कमी नाहीत. आता पिनेची किंमत आणि इंजिन उतरवण्याची मजुरी शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

पिन ठीक असेल तर हवा. हायड्रॉलिक नळीत हवेचा बुडबुडा राहिला, की पेडल दाबल्यावर आधी तो दबतो आणि चाल कमी होते. पेडल भराभर दोन-तीनदा दाबल्यावर गिअर नीट पडत असेल, तर हवेचा संशय घ्यावा. एमजीबीच्या क्लचमधली हवा नेहमीच्या पद्धतीने, पेडल मारून, लवकर निघत नाही, हा मेकॅनिकांचा जुना अनुभव. अशा वेळी स्लेव्हच्या निपलमधून तेल खालून वर ढकलले, तर बुडबुडे आपल्या स्वाभाविक दिशेने वर जाऊन टाकीत फुटतात. वरची टाकी उतू जाणार नाही, एवढे भान ठेवावे. ब्रेक ऑइल रंगाला खाते.

मग गळती. पेडलच्या वरच्या बाजूला ओलसरपणा दिसला, तर मास्टरचे रबर गेले. स्लेव्हची धूळटोपी मागे सारल्यावर तेल दिसले, तर स्लेव्हचे. बाहेर थेंबही न गळता आतल्या आत गळती होऊ शकते. ती ओळखण्यासाठी पेडल मिनिटभर दाबून धरावे. स्लेव्हची दांडी हळूहळू मागे येऊ लागली, तर मास्टरच्या रबरावरून तेल मागे सरकते आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि सिलिंडरची भिंत आतून गंजवते. खड्डे पडलेल्या भिंतीवर नवे रबर फार दिवस टिकत नाही, त्यामुळे अशा वेळी सिलिंडरच बदललेला बरा. मास्टर आणि स्लेव्ह यांपैकी एकच नवा केला, की थोड्याच दिवसांत दुसरा बोलतो, असेही अनेकदा दिसते. शेवटी रबरी होज पाहावा. पेडल दाबताना तो बोटांना फुगताना जाणवला, तर जोर तेथे जिरतो आहे.

येथे एका गैरसमजाची नोंद करणे भाग आहे. चाल कमी पडते म्हणून स्लेव्हची दांडी लांब करून बसवण्याचा तोडगा पुष्कळ जण सुचवतात. केबलच्या क्लचवर नट फिरवून जे साधते, ते येथे साधत नाही. हायड्रॉलिक क्लच आपली पातळी आपणच जुळवून घेतो. दांडी लांब केली तर स्लेव्हचा दट्ट्या तेवढा आत जाऊन बसतो, इतकेच. पेडलच्या एका दाबात जेवढे तेल येते, तेवढीच चाल मिळते. दांडीच्या लांबीने त्यात वाढ होत नाही.

पावसाळ्यानंतरचा क्लच

स्लेव्हची चाल अर्धा इंच भरते आणि तरीही रिव्हर्स वाजतो, तेव्हा दोष आत आहे हे मान्य करावे लागते. फोर्कचा खिळा आणि बुश झिजलेले असतात, रिलीज बेअरिंगचा कार्बन संपलेला असतो, प्रेशर प्लेट थकलेली असते किंवा क्लचप्लेट वाकलेली असते. आणखी एक चोर क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला दडलेला असतो. इनपुट शाफ्टचे टोक जेथे टेकते, तो ब्राँझचा पायलट बुश. तो कोरडा पडून शाफ्टला धरू लागला, तर क्लच शंभर टक्के सुटूनही इंजिन शाफ्टला फिरवतच राहते. बाहेरून पाहता लक्षणे हुबेहूब चिकटलेल्या क्लचची.

एक प्रकार मात्र असा, की ज्यात इंजिन काढावे लागेलच असे नाही. गाडी बराच काळ उभी राहिली, की क्लचप्लेट फ्लायव्हीलला गंजाने धरून बसते किंवा शाफ्टच्या खाचांवर आखडते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चार महिने झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्याआधी उत्तम चाललेली गाडी दसऱ्याला एकाही गिअरमध्ये जायला तयार नसेल, तर गिअरबॉक्सने मधल्या काळात काही केलेले नसते. इंजिन चांगले गरम करून, मोकळ्या आवारात, क्लच दाबून धरून वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर कमी-जास्त केला, की प्लेट पुष्कळदा सुटते. समोर माणूस, भिंत वा दुसरी गाडी नसावी आणि हे काम सरावाच्या मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करावे. गाडी उभी ठेवताना क्लच पेडल दाबलेल्या स्थितीत लाकडाच्या ठोकळ्याने अडवून ठेवण्याची पद्धत काही जण पाळतात, तीही याचसाठी.

तेल काय सांगते?

क्लच निर्दोष ठरला, तरच गिअरबॉक्सकडे वळावे. आणि तेथेही पहिली भेट तेलाची घ्यावी. एमजीबीच्या हँडबुकात सुरुवातीच्या काळात गिअरबॉक्ससाठी इंजिनाचेच २०डब्ल्यू-५० जातीचे तेल सांगितलेले होते. ‘गिअरबॉक्स आहे म्हणजे गिअर ऑइलच हवे’ या समजुतीने कोणी त्यात डिफरन्शियलचे जाड तेल भरले असेल, तर थंड गाडीत दुसरा गिअर वाजतो आणि पाच-सात किलोमीटरनंतर शहाण्यासारखा वागू लागतो. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतली रसायने पिवळ्या धातूला मानवत नाहीत आणि रिंगला हवे असलेले घर्षणही हिरावून घेतात. ज्या गाड्यांना लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह जोडलेला आहे, त्यांत तो याच तेलावर चालतो, त्यामुळे तेलात निसरडेपणा वाढवणारी कोणतीही जादूची बाटली ओतू नये.

जुने तेल स्वच्छ भांड्यात काढून उन्हात धरावे. सोनेरी चमचम दिसली आणि ते कण चुंबकाला चिकटले नाहीत, तर रिंगा झिजत आहेत. चुंबकाला चिकटणारे पोलादी कण वा तुकडे निघाले, तर प्रकरण दातांचे किंवा बेअरिंगचे आहे आणि ती गाडी आणखी चालवू नये. नव्या तेलावर शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा परीक्षा घ्यावी. तेल बदलून झिजलेली रिंग भरून येत नाही. पण चुकीच्या तेलाने बदनाम झालेली चांगली रिंग निर्दोष सुटते.

काही आवाज करकरीच्या जातीचे नसतात आणि त्यांची सरमिसळ निदान बिघडवते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर घरघर येते आणि पेडल दाबताच थांबते, ती इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची किंवा ले शाफ्टच्या बारीक रोलरची. पेडल दाबल्यावरच जो आवाज सुरू होतो, तो रिलीज बेअरिंगचा अथवा पायलट बुशचा. गिअर न वाजता पडतो, पण ॲक्सिलरेटर सोडताच बाहेर उडी मारतो, तर झिजलेले बारीक दात, दांडा जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग किंवा शाफ्टचा पुढेमागे प्ले पाहावा. यांतल्या पहिल्या आणि शेवटच्या तक्रारीला गिअरबॉक्स उघडण्यावाचून इलाज नाही.

उघडल्यावर रिंगची परीक्षा हातानेच होते. ती शंकूवर दाबून पिळावी. चांगली रिंग घट्ट धरते आणि सोडवायला किंचित जोर लागतो. झिजलेली नुसती गोल फिरते. रिंगची कड आणि चक्राचे बारीक दात यांत फट उरली नसेल, तर रिंग शंकूवर खोल जाऊन बसली आहे. नव्या रिंगा घालताना बारीक दातांची टोकेही पाहावीत. वर्षानुवर्षांच्या करकरीने ती बोथट झाली असतील, तर नवी रिंगही त्या दातांना शांत करू शकत नाही आणि चक्र बदलावे लागते. दुर्लक्ष केलेल्या क्लचचे खरे बिल येथे येते.

इंजिन एकदा वर आलेच, तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फोर्कचा बुश आणि पायलट बुश हे सारे एकाच वेळी बदलण्याचा सल्ला मेकॅनिक देतात. सुटे भाग आजही मिळतात आणि मजुरी दोनदा द्यावी लागत नाही. परत जोडताना मात्र एक चूक हमखास घडते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांत सरकवताना शाफ्ट क्लचप्लेटमध्ये शिरलेला असतो, बोल्ट अजून लागलेले नसतात आणि थकलेला हात क्षणभर आधार सोडतो. गिअरबॉक्सचा सगळा भार त्या पातळ प्लेटवर येतो, ती मध्याशी किंचित वाकते, डोळ्यांना दिसतही नाही. सारे नवे भाग घालून गाडी खाली उतरते, इंजिन सुरू होते, रिव्हर्स टाकला जातो आणि पुन्हा ‘कर्रर्र’. त्यामुळे सारे बोल्ट हाताने फिरून बसेपर्यंत गिअरबॉक्सखालचा जॅक हलवू नये.